‘रुग्ण सहकार्य करत नाही’ : नाकातल्या नळीला नकार देणाऱ्या एका रुग्णाचं प्रकरण

पार्श्वभूमी

नामदेवदादा (नाव बदललं आहे, गाव सांगत नाही) ४७ वर्षांचे. बाजार समितीत मापाडी. पंचवीस वर्षं काट्याशेजारी उभं राहून पोत्यांची वजनं ओरडून सांगायची आणि पावतीवर लिहायची, हे काम. दिवसभर गालात गुटखा. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. दादांच्या म्हणण्याप्रमाणे बंदीने फरक एवढाच पडला, की टपरीवर टांगलेली पुडी गल्ल्याखाली गेली.

डाव्या गालाच्या आतली जखम पाच महिने भरली नाही. आधी ती दाढेची समजून दाढ काढली. मग तुकडा तपासला आणि कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये गालाचा भाग, खालच्या जबड्याचा तुकडा आणि मानेतल्या गाठी काढल्या, छातीवरचं मांस फिरवून गाल भरला. मानेतली एक गाठ वेष्टन फोडून बाहेर आलेली होती, म्हणून पुढे रेडिएशन आणि सोबत केमो ठरली. ३० शेक, एकूण ६० ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक), आठवड्यातले पाच दिवस, सहा आठवडे. दर सोमवारी सिस्प्लॅटिन, म्हणजे केमोचं औषध. (रेडिएशनला आमच्याकडे रुग्ण ‘शेक’ म्हणतात, काही ‘लाईट’ म्हणतात. कर्मचारीही तेच म्हणू लागतात.) ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत शेक सुरू व्हावेत असा प्रयत्न असतो. दादांचे ४०व्या दिवशी सुरू झाले, म्हणजे त्या बाबतीत सगळं वेळेवर होतं.

रुग्णालय धर्मादाय, मराठवाड्याच्या बाजूच्या एका शहरातलं. मी डे-केअरची इन्चार्ज सिस्टर. चौदा खुर्च्या, सकाळी तीन जणी आणि एक ब्रदर, दुपारी दोघी. उपचाराचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाला. योजनेत शेक बसतात, केमो बसते. रोजचा चहा, रिक्षा आणि बुडालेली मजुरी बसत नाही.

नवरा-बायको रुग्णालयाजवळच्या धर्मशाळेत उतरले होते. एका हॉलमध्ये अकरा कुटुंबं, सामाईक स्वयंपाकघरात दोन शेगड्या. मुंबईत दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे कॅन्सरच्या रुग्णांची राहण्या-जेवणाची सोय होते. ती पाहून आलेले नातेवाईक आमच्याकडे येतात तेव्हा तुलना करतात, आणि ती आमच्या बाजूने नसते. मुलगा पुण्याकडे कंपनीत. केसपेपरवर फोन नंबर त्याचाच होता, कारण फॉर्म त्याने भरला होता. या नंबरकडे पुढे यायचं आहे.

अडचण

तोंडाला शेक चालू असताना दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तोंड येतं. नेहमीचं तोंड येणं वेगळं. इथे आतली कातडी सोलल्यासारखी होते, वर पांढरट पापुद्रा धरतो, लाळ चिकट होते आणि स्वतःची थुंकी गिळतानाही माणूस डोळे मिटतो. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात हे टोकाला जातं. शेक संपल्यावर बरं व्हायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. त्यात गाल शिवलेला, दाढा काढलेल्या. खाणं कमी होणार हे ठरलेलंच असतं. प्रश्न असतो, किती कमी झालं की नाकातून नळी घालायची.

दादा बोलायचे कमी. ऑपरेशनने उच्चार बदलला होता आणि त्याची त्यांना लाज वाटायची. खिशात काट्याच्या जुन्या पावत्यांचं पुस्तक असायचं, मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून दाखवायचे. पहिल्याच दिवशी वजन घेताना त्यांनी लिहिलं होतं : ‘तुमचा काटा बरोबर नाही. जास्त दाखवतो.’ आम्ही हसलो. वजन लिहिलं ५८.

तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी, तेराव्या शेकच्या दिवशी, डॉक्टरांनी तोंड पाहिलं. जेवण बंद होतं, चहा आणि पातळ पेज चालू होती. डॉक्टर म्हणाले, “आत्ताच नळी घालू. वजन दहा टक्के उतरलं तर मग घालावीच लागेल.” दादांनी मान हलवली : नाही. का, तर नाही. डॉक्टरांनी समजावलं, रेसिडेंटनी समजावलं, मुलाला फोन लावून दिला, मुलगा फोनवर ओरडला. दादा पावतीपुस्तक खिशात घालून बसले.

मी नकाराचा फॉर्म आणला. त्यावर छापलेलं असतं की मला धोके समजावून सांगितले आहेत आणि माझ्या जबाबदारीवर मी नकार देत आहे. त्यांनी सही केली. नर्सिंग नोट्समध्ये मी लिहिलं : ‘रायल्स ट्यूब (नाकातली नळी) नाकारली. समुपदेशन केले. रुग्ण सहकार्य करत नाही.’

हे वाक्य माझ्या अक्षरात आहे. या प्रकरणात पुढे जे झालं त्यातलं बरंचसं त्या वाक्यामुळे झालं, असं माझं मत आहे. कारण एकदा असं लिहिलं की पुढच्या पाळीतली सिस्टर तेच वाचते आणि तेच गृहीत धरते. हॅण्डओव्हरला तर ते आणखी आखूड होतं : “तीन नंबर, नळीला नाही म्हणतो, सही घेतलीय.”

पहिला निर्णय : सही घेऊन पुढे जायचं की थांबायचं

त्या दिवशी समोर काय काय मार्ग होते, ते आज नीट मांडता येतात. त्या दुपारी एकच दिसत होता.

भरती करून सलाईन लावता आलं असतं. पण सलाईनने पाणी जातं, पोट भरत नाही, आणि वॉर्डात खाट नव्हती. पोटातून नळी घालण्याचा पर्याय असतो, त्याची सोय आमच्याकडे लगेच होत नाही, आणि नाकातल्या नळीला घाबरलेला माणूस पोटाला भोक पाडू देईल असं कुणालाच वाटलं नाही. वेदना नीट आटोक्यात आणून आठवडाभर तोंडानेच किती जातं ते पाहता आलं असतं. हा मार्ग खरं तर चांगला होता. पण वेदनेचा आकडा आम्ही विचारला तेव्हा त्यांनी तीन बोटं दाखवली. दहापैकी तीन. मुलगा फोनवर, बायको शेजारी, डॉक्टर समोर, अशा गराड्यात विचारलेल्या प्रश्नाला मिळालेलं ते उत्तर होतं. तोंडाची ती अवस्था आणि तीन हा आकडा जुळत नाही, हे मला दिसायला हवं होतं.

आणि एक मार्ग होता, गर्दी हटवून खुर्ची ओढून बसायचं आणि विचारायचं, “नळीचं नाव काढल्यावर काय येतं डोळ्यासमोर?” याला फार तर वीस मिनिटं लागली असती. त्या वेळी तीन सलाईन संपत आल्या होत्या आणि एका बाईंना केमोची रिॲक्शन येऊन थंडी वाजत होती. हे कारण खरं आहे. तरी सही घ्यायला मला दहा मिनिटं मिळाली होतीच.

गुळण्यांचं पाणी मात्र त्या दिवशीच शिकवलं : एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, एक चमचा मीठ, एक चमचा खाण्याचा सोडा, जागेपणी दर दोन-तीन तासांनी. बधिर करणारं जेल जेवणाआधी. दादा गुळण्या अगदी घड्याळ लावून करायचे. सहकार्य न करणारा माणूस असं करत नाही, एवढंही तेव्हा डोक्यात आलं नाही.

दुसरा निर्णय : जाळी ढिली पडली

चौथ्या आठवड्याच्या सोमवारी वजन भरलं ५७. चौथी केमो झाली. मंगळवारी रेडिएशनच्या टेक्निशियनने सहज सांगितलं, “सिस्टर, तुमच्या मापाडीकाकांची जाळी ढिली पडलीय.”

जाळी म्हणजे शेक घेताना चेहरा आणि मान हलू नये म्हणून रुग्णाच्या मापाने बनवलेला प्लास्टिकचा साचा. गरम पाण्यात मऊ करून तो चेहऱ्यावर बसवतात, गार झाला की त्याच आकारात राहतो. माणूस वाळला की साचा सैल होतो आणि किरणं पडायची तिथेच पडतील याची खात्री कमी होते. वजन तर किलोभरच उतरलेलं. मग जाळी ढिली कशी?

हा प्रश्न मला पडला. मी म्हटलं, “बघू.” आणि दिवस संपला.

बुधवारी अठरावा शेक झाला. गुरुवारी दादा आले नाहीत. शुक्रवारी नाहीत. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये शेकमधला खंड महागात पडतो. उपचार लांबला की मधल्या काळात उरलेल्या पेशी वेगाने वाढतात, आणि रोग ताब्यात राहण्याची शक्यता दर दिवसामागे साधारण एका टक्क्याने घटते असं धरतात. शुक्रवारी दुपारी फोन लावला. मुलाने उचलला. “मी पुण्यात आहे, ते शेकला गेलेत ना?” त्यालाच माहीत नव्हतं. बायकोचा नंबर आमच्याकडे नव्हता.

शनिवारी ताई (दादांच्या बायको) स्वतः आल्या, पण माझ्याकडे नाही. योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्राला (योजनेची माहिती देणारा कर्मचारी) त्यांनी विचारलं, “शेक मधीच सोडला तर कार्ड पुन्हा चालतं का?” त्या मुलाने शहाणपणाने उत्तर न देता त्यांना माझ्याकडे पाठवलं. या प्रकरणातलं पहिलं योग्य पाऊल त्याने उचललं, असं मी मानते.

ताईंना मी औषधांच्या खोलीत बसवलं, चहा मागवला. त्या वेळी काही समजावलं नाही. त्या बराच वेळ पदराचं टोक दुमडत राहिल्या. मग म्हणाल्या, “नळीतून घालायचं ते मिक्सरातनं काढावं लागतंय ना, सिस्टर? धर्मशाळेत मिक्सर न्हाई. पाटा बी न्हाई. घरून आणला असता, तर तिथं भिंतीला बटनच न्हाई.” पुढे म्हणाल्या, “त्यांना मी बोलले, आपण नळी घालून आलो आन् मला ते बारीक करता आलं न्हाई, आन् नळी तुंबली, तर?”

डॉक्टर, रेसिडेंट, मी, आहारतज्ज्ञ, सगळ्यांनी नळीचे फायदे सांगितले होते. नळीतून जाणारा घास कुठल्या चुलीवर आणि कशात बारीक होणार, हे एकानेही विचारलं नव्हतं.

नळी नको म्हणण्याचं हे एक कारण झालं. दुसरं ताईंनाही ठाऊक नव्हतं.

तिसरा निर्णय : उपरण्यातली गाठ

सोमवारी दादा आले. चालताना भिंत धरत होते. वजनाला उभे राहिले, ५५.४. मी म्हटलं, “आज सगळ्यांचं वजन गाऊन घालून घेतोय, दादा.” हे खोटं होतं. मी ब्रदरला त्यांच्यासोबत पडद्याआड पाठवलं आणि सांगितलं की काहीही दिसलं तरी आवाज करायचा नाही.

ब्रदर बाहेर आला तो हातात उपरणं घेऊन. दोन-दोन किलोची दोन लोखंडी मापं, रुमालात गुंडाळून उपरण्यात बांधलेली, कमरेला, सदऱ्याखाली. गाऊनवर वजन भरलं ५१.४.

हिशेब मग कळला. डॉक्टर “दहा टक्के” म्हणाले होते. ५८ चे दहा टक्के ५.८. म्हणजे काटा ५२.२ च्या खाली गेला की नळी. मापाड्याला हे गणित करायला पावतीपुस्तकही लागलं नसणार. मधल्या रविवारी गावी गेले तेव्हा मापं आणली.

ब्रदर चिडला होता. त्याचं म्हणणं, ही सरळ फसवणूक आहे, राउंडला सगळ्यांसमोर सांगू. त्याचा राग मला चुकीचा वाटला नाही. केमोचं माप उंची आणि वजनावरून ठरतं. आधीच्या सोमवारी आम्ही खोट्या वजनावर हिशेब धरला होता. फरक मिलिग्रॅममध्ये थोडा होता, पण सिस्प्लॅटिन मूत्रपिंडावर जातं आणि हा माणूस पाणीही पीत नव्हता. त्याच दिवशीच्या रक्तात क्रिएटिनिन १.६ आलं, म्हणजे मूत्रपिंडावर ताण आलेला होता.

गप्प राहण्याचा पर्याय इथे नव्हताच. डॉक्टरांना सांगावं लागणार हे नक्की होतं. कधी, कुणासमोर आणि दादांना कळवून की त्यांच्या पाठीमागे, एवढंच माझ्या हातात होतं.

मी पडद्याआड गेले, स्टूल घेऊन बसले. मापं त्यांच्या मांडीशेजारी खाटेवर ठेवली, जमिनीवर नाही. म्हटलं, “दादा, हे मला डॉक्टरांना सांगावं लागेल. औषधाचं माप वजनावर काढतात.”

त्यांनी मापांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि बरेच दिवसांत पहिल्यांदा लिहिण्याऐवजी बोलले. जड जिभेने, पण स्पष्ट : “म्हंजी माप चुकलं.”

“हो.”

“मग सांगा.”

धोक्यांची यादी मी त्यांना तिसऱ्या आठवड्यात वाचून दाखवली होती, तिचा काही उपयोग झाला नव्हता. माप चुकणं मात्र त्यांना आतून कळत होतं. आयुष्यभर त्याचाच धंदा.

मग मी विचारलं, नळीचं नाव काढल्यावर काय दिसतं. त्यांनी पावतीपुस्तक काढलं. थोरल्या भावाला सहा वर्षांपूर्वी हाच आजार झाला होता. त्याला एका दवाखान्यात नळी घालून घरी पाठवलं. पुढे लिहिलं होतं, ‘१९ दिवस. नळी तशीच. ती घेऊनच गेला. मी काढली.’

नळी म्हणजे शेवट, हे त्यांनी ऐकलेलं नव्हतं, डोळ्यांनी पाहिलेलं होतं. आणि आमच्यापैकी कुणीही त्यांना ‘ही नळी निघते’ हे तीन शब्द सांगितले नव्हते. आम्हाला ते इतकं उघड होतं, की सांगायचं राहून गेलं.

वेदना पुन्हा विचारली. या वेळी आठ बोटं.

काय केलं

डॉक्टर भडकले. मापांचं ऐकून आधी माझ्यावरच, “हे आठवडाभर कुणाच्या लक्षात आलं नाही?” याला उत्तर नव्हतं. पाच मिनिटांनी तेच दादांच्या खाटेशी गेले आणि भावाबद्दल विचारलं. त्यांनीच सांगितलं की भावाला नळी घातली तेव्हा उपचार संपले होते, आणि तुम्हाला घालतो आहोत ती उपचार पुरा व्हावा म्हणून. तोंड भरलं की काढू. कधी, तर शेक संपल्यावर साधारण महिना-दीड महिन्याने.

पाचवी केमो थांबवली. खाट नव्हती ती निघाली, डे-केअरच्या मागच्या खोलीत जास्तीची टाकली. सलाईन सुरू केलं. वेदनेसाठी तोंडाने मॉर्फिन. त्यालाही दादा कचरले, ‘शेवटचं औषध’ असा त्याचा लौकिक आहे. तोंड बरं झालं की हेही बंद होतं, हे आता सांगायला आम्ही विसरलो नाही. सोबत पोट साफ राहण्याची गोळी, कारण मॉर्फिनचा मलावरोध रुग्ण लाजेने सांगत नाहीत आणि औषधच सोडून देतात.

नळीचा निर्णय त्या दिवशी मागितला नाही. मंगळवारी फॉलोअपला एक जुने रुग्ण येणार होते, ट्रक चालवायचे, आदल्या वर्षी सात आठवडे नळीवर होते. त्यांना आधी विचारलं, मग दादांना. दोघंही हो म्हणाले. ड्रायव्हरभाऊंनी काही उपदेश केला नाही. मोबाइलवर नळी लावलेला स्वतःचा फोटो दाखवला आणि मग खिशातून पारलेचा पुडा काढून, चहात बुडवून एक बिस्कीट खाल्लं. आमच्या समुपदेशनापेक्षा त्या बिस्किटाने जास्त काम केलं.

दुपारी दादांनी नळी हातात मागितली. मी पाकीट फोडून दिली. त्यांनी ती वितीने मोजली. मी दाखवलं, नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत, एवढी आत जाते, इथे खूण करतो. त्यांनी दुसऱ्यांदा स्वतः मोजलं आणि खुणेवर बोट ठेवलं. मग मान हलवली.

रेसिडेंटनी उजव्या नाकपुडीतून घातली. अर्धा तास आधी मॉर्फिन दिलेलं होतं, जेल लावलं होतं, पडदा ओढलेला. दोनदा उबळ आली. माझं मनगट त्यांनी धरलं होतं, दुसऱ्या दिवशीपर्यंत वळ राहिला. एक्स-रे काढून नळी पोटात असल्याची खात्री केली आणि मगच पहिलं पाणी सोडलं.

बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न ओतलं तर रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फरस झपाट्याने खाली येतं, म्हणून पहिले तीन दिवस थोडं-थोडं, रक्त तपासत आणि थायामिन देऊन. नंतर दर दोन तासांनी २०० मिली, दिवसातून आठ वेळा. भरवताना आणि नंतर अर्धा तास उशाकडची बाजू उंच, शेवटी ३० मिली पाणी सोडायचं म्हणजे नळी तुंबत नाही.

आता मिक्सर. समाजसेवा अधीक्षकांनी धर्मशाळेच्या व्यवस्थापकांशी बोलून स्वयंपाकघरात एक प्लग बसवून घेतला. मिक्सर आमच्या स्टाफपैकी एकीच्या घरी पडून होता. आहारतज्ज्ञांचा कागद छापील आणि चांगला होता, पण त्यातले निम्मे पदार्थ ताईंच्या हातात येणारे नव्हते. त्यांनी ताईंसोबत बसून नवा लिहिला : नाचणीचं सत्त्व, दूध, केळं, उकडलेलं अंडं, भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट, मुगाच्या डाळीचं पाणी, तेल, साखर. सगळं फिरवून पातळ फडक्यातून गाळायचं. ताईंनी पहिलं मिश्रण आमच्यासमोर करून दाखवलं. कूट जाड राहिलं आणि नळी तुंबली, ज्याची त्यांना भीती होती तेच झालं. कोमट पाण्याची पिचकारी हळूहळू मागे-पुढे करून ती मोकळी कशी करायची हे त्याच वेळी शिकवता आलं. तुंबली ते बरं झालं.

नवी जाळी आणि नवं प्लॅनिंग करण्यात मंगळवार-बुधवार गेले. गुरुवारपासून शेक पुन्हा सुरू. शनिवारीही घेतले, खंड भरून काढायला.

या सगळ्याची किंमतही लिहायला हवी. त्या सोमवारी मी जवळजवळ पाऊण तास एका पडद्याआड होते. तेवढ्यात एका आजींची केमो तासभर उशिरा लागली, त्यांची शेवटची एसटी चुकली आणि त्यांच्या मुलाने लेखी तक्रार केली. तक्रार रास्त होती.

निष्पत्ती

३० शेक पूर्ण झाले, ठरल्यापेक्षा पाच दिवस उशिरा. सहापैकी पाच केमो झाल्या. क्रिएटिनिन उतरल्यावर सहावी दिली, पाचवी गेली ती गेली. शेवटच्या दिवशी वजन ५०.९, म्हणजे नळी घातल्यापासून अर्धा किलोच कमी. शेक संपल्यावर पाचव्या आठवड्यात नळी काढली. दादांनी ती मागून घेतली. काय केलं तिचं, विचारलं नाही.

सगळं चांगलं झालं असं नाही. तोंड उघडण्याचा व्यायाम, आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक दातांमध्ये धरून, आम्ही शिकवला तो उशिरा, आणि सहा महिन्यांनी त्यांचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. चव अर्धवट आली. भाकरी दुधात कुस्करूनच जाते. बाजार समितीत परत गेले, पण वजन पुकारायला नाही, लिहायला. गुटखा बंद आहे, असं ते म्हणतात. ताई काही म्हणत नाहीत. एक वर्षाच्या तपासणीपर्यंत रोग परतलेला नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

नळीची पहिली चर्चा तिसऱ्या आठवड्यात, तोंड सोललेलं असताना करणं ही चूकच. शेक सुरू होण्याआधी, माणूस बोलू शकत असताना, नळी हातात देऊन करायला हवी. आता आम्ही करतो, सगळ्यांशी जमतंच असं नाही.

वजन दर वेळी एकाच कपड्यांवर घ्यायला हवं, हे पुस्तकात आहे. आम्ही ते गर्दीमुळे सोडलं होतं. टेक्निशियनच्या वाक्यावर मंगळवारीच थांबले असते तर दोन-तीन शेक वाचले असते. रेडिएशन आणि डे-केअर यांची वही वेगळी, राउंड वेगळा, चहाची वेळसुद्धा वेगळी. जाळी ढिली पडल्याची नोंद त्यांच्या वहीत होती, वजनाची आमच्या.

फोन नंबर. केसपेपरवर आता दोन नंबर घेतो, एक फॉर्म भरणाऱ्याचा, एक रात्री शेजारी झोपणाऱ्याचा.

गाऊनबद्दल मी जे खोटं बोलले त्यावर आमच्यात अजून एकमत नाही. मेट्रन म्हणाल्या, सरळ विचारायला हवं होतं. मला वाटतं, सरळ विचारलं असतं तर ते घरी गेले असते. पण दादांनी मला त्या गाऊनबद्दल कधीच विचारलं नाही, आणि न विचारण्याचा अर्थ मला लावता येत नाही.

नकाराच्या फॉर्मवर सहीच्या वर आम्ही एक ओळ वाढवली : ‘रुग्णाच्या शब्दांत कारण’. छपाई विभागाने सहा महिने लावले, तोवर शिक्का मारून चालवलं. ती ओळ पुष्कळदा रिकामी राहते किंवा तिथे ‘नको म्हणतात’ एवढंच असतं. रिकामी दिसली की मी फॉर्म परत पाठवते. त्यावरून कुरबुर होते. ‘सहकार्य करत नाही’ हे शब्द नोट्समध्ये लिहायचे नाहीत, असा तोंडी नियम केला. तो नव्या बॅचला दर वेळी नव्याने सांगावा लागतो.

एक गोष्ट राहिली. त्या वर्षी मार्चमध्ये बायोमेडिकलचा माणूस वार्षिक तपासणीला आला. त्याने आमच्या काट्यावर प्रमाणित वजनं ठेवली, आकडा पाहिला, पुन्हा ठेवली. काटा ६०० ग्रॅम जास्त दाखवत होता.